मिनी ट्रॅक्टर घेताय? आधी रिकामे महिने मोजा



धारणीच्या कार्यशाळेत शेवटच्या दिवशी चहाच्या वेळी एक पोरगा माझ्याजवळ आला. हातात मोबाईल, खिशात घडी केलेलं कोटेशन. आधी त्यानं मोबाईल पुढे केला. परदेशातला एक माणूस छोट्याशा ट्रॅक्टरवर बसून घरासमोरचा बर्फ लोटत होता. त्याच माणसाचा दुसरा व्हिडिओ उन्हाळ्यातला, तोच ट्रॅक्टर, मागे गवत कापायचं यंत्र.

“सर, हा माणूस उन्हाळ्यात गवत कापते अन् हिवाळ्यात बर्फ लोटते. एकाच ट्रॅक्टरवर बाराही महिने पैसे. आपल्या धारणीत असं जमन काय?”

मी म्हटलं, “जमन. पण कोटेशन दाखव पहिले.”

कोटेशन होतं १८ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरचं, सोबत रोटाव्हेटर. डाऊन पेमेंटसाठी यंदाच्या सोयाबीनचे पैसे आणि आईची सोन्याची पोत. बाकीचं कर्ज, पाच वर्षांचं. मी विचारलं, “जुलैमध्ये हा ट्रॅक्टर काय करणार? जानेवारीत काय करणार? एप्रिलमध्ये?” पोरगा गप्प. मग म्हणाला, “सर, ते पाहू ना मंग.”

हा लेख त्या “पाहू ना मंग” वर आहे. कारण हप्ता “पाहू ना मंग” म्हणत नाही. तो जुलैमध्येही येतो आणि एप्रिलमध्येही येतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. मिनी ट्रॅक्टर हा धारणीसारख्या भागात चांगला धंदा होऊ शकतो. पण तुम्ही फक्त ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर घेऊन उतरणार असाल, तर घेऊ नका. बारा महिन्यांपैकी निदान नऊ महिन्यांचं काम कागदावर लिहिता येत नसेल, तर डाऊन पेमेंट भरू नका. आईची पोत कपाटातच राहू द्या.

बर्फवाल्याकडून नेमकं काय शिकायचं?

आपण व्हिडिओत मशीन पाहतो. मशीनमागचा हिशेब कुणी दाखवत नाही.

हे छोटे ट्रॅक्टर मुळात बर्फासाठी बनलेच नव्हते. जपानमधल्या छोट्या भातखाचरांसाठी ते बनले. कुबोटा कंपनीनं १९६९ मध्ये २१ एचपीचा एल-२०० हा ट्रॅक्टर अमेरिकेत विकायला नेला. तिथल्या मोठ्या शेतांसमोर तो खेळणं वाटावा एवढा लहान. पण लोकांनी त्याला वेगळं काम दिलं. घोडे पाळणारे, फळबागवाले, मोठ्या आवारांची देखभाल करणारे यांनी त्याला मागे गवत कापायचं यंत्र जोडलं, पुढे बर्फ लोटायची पाती जोडली. भातखाचराचं मशीन आवाराच्या देखभालीचं मशीन झालं. मशीन तेच राहिलं. मालकानं त्याला काम शोधून दिलं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बर्फ कधी पडेल, किती पडेल, हे त्या माणसाच्या हातात नसतं. एखाद्या हिवाळ्यात पडतच नाही. म्हणून तिथले हुशार लोक दोन प्रकारे पैसे ठरवतात. काही गिऱ्हाइकांकडून प्रत्येक वेळेचे पैसे, म्हणजे जितक्या वेळा बर्फ काढला तितके. आणि काही गिऱ्हाइकांकडून पूर्ण हंगामाचा उक्ता. उक्त्यात बर्फ कमी पडला तर याचा फायदा, जास्त पडला तर गिऱ्हाइकाचा. दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं असली की हिवाळा कसाही गेला तरी घर चालतं.

आता आपल्याकडे बर्फाच्या जागी पाऊस ठेवा. पेरणी लांबली, मध्येच खंड पडला, ऑक्टोबरात सोयाबीन भिजलं. आपलंही उत्पन्न आभाळावरच आहे. फरक एवढाच की आपण हंगामाचा उक्ता कुणाकडून घेतच नाही. मी व्हिडिओत नेहमी म्हणतो, तेच इथे लागू आहे: एका कामाचे पैसे म्हणजे मजुरी, हंगामाचा करार म्हणजे धंदा.

आधी कडू हिशेब

खालचे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या कोटेशनचे आणि तुमच्या गावच्या दराचे आकडे त्या जागी टाकून हाच हिशेब वहीत करा.

समजा कर्ज ४ लाख ५० हजार, व्याज वर्षाला १२ टक्के, मुदत ५ वर्षं. महिन्याचा हप्ता येतो साधारण १०,००० रुपये. वर्षाचे १ लाख २० हजार. विमा आणि कागदपत्रं १० हजार. टायर, बॅटरी, मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे २० हजार. म्हणजे ट्रॅक्टर जागचा हलला नाही तरी वर्षाचा खर्च १ लाख ५० हजार.

आता चालला तर. तासाला अडीच लिटर डिझेल धरलं तर साधारण २३० रुपये. ड्रायव्हर १०० रुपये. ऑइल, ग्रीस, पाती, बोल्ट मिळून ७० रुपये. एकूण तासाला ४०० रुपये. भाडं तासाला ७०० धरू. हातात उरले ३०० रुपये.

१ लाख ५० हजार भागिले ३०० म्हणजे ५०० तास. वर्षाला ५०० तास ट्रॅक्टर चालला, तर तुम्ही फक्त बुडाला नाहीत. कमावलं काहीच नाही.

आता धारणीत रोटाव्हेटर किती चालतो ते बघा. पेरणीआधीची मशागत, समजा ३० दिवस, रोज ६ तास, म्हणजे १८० तास. सोयाबीन निघाल्यावर गहू-हरभऱ्याची तयारी, समजा ४० दिवस, रोज ६ तास, म्हणजे २४० तास. बेरीज ४२० तास. ४२० गुणिले ३०० म्हणजे १ लाख २६ हजार. खर्च १ लाख ५० हजार. वर्षाला २४ हजारांचा तोटा.

तुम्ही म्हणाल, सर, ड्रायव्हर मीच. ठीक. तासाचे १०० रुपये तुमचे. ४२० तासांचे ४२ हजार. त्यातून तोटा वजा केला तर उरले १८ हजार. वर्षाचे १८ हजार म्हणजे महिन्याला १,५०० रुपये. एवढ्यासाठी आईची पोत मोडायची?

हाच तो हिशेब आहे जो शोरूममध्ये कुणी करून दाखवत नाही. त्यांची काही चूक नाही, त्यांचं काम ट्रॅक्टर विकणं आहे. हिशेब करणं तुमचं काम आहे.

रिकाम्या महिन्यांत काय जोडता येईल?

आता त्याच ट्रॅक्टरला काम शोधू. महिन्याच्या क्रमानं जाऊ.

जुलै-ऑगस्ट: डवरणी. कपाशी आणि तूर रुंद ओळींची पिकं. अरुंद मिनी ट्रॅक्टर दोन ओळींतून जाऊ शकतो, मोठा ट्रॅक्टर जाऊ शकत नाही. मिनीचा खरा हुकमाचा पत्ता हाच. पण त्यासाठी पेरणीच्या आधीच शेतकऱ्याशी बोलावं लागतं: “भाऊ, दोन तासांत एवढं अंतर ठेवा, डवरणी माझ्याकडे.” पेरणी झाल्यावर गेलात तर अंतर जमत नाही. म्हणजे जुलैचं गिऱ्हाईक मे महिन्यात ठरवायचं. पावसाच्या उघडिपीचे २० दिवस, रोज ५ तास धरले तर १०० तास.

ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबर: गवत कापणी. यावर खाली सविस्तर बोलतो. समजा २० दिवस, ५ तास, म्हणजे १०० तास.

डिसेंबर ते फेब्रुवारी: लेव्हलिंग ब्लेड. परदेशात जी पाती बर्फ लोटते, तिचीच बहीण आपल्याकडे ट्रॅक्टरच्या मागे लागते. शेतातले उंचवटे काढणं, पांदण रस्त्यावरच्या चाकोऱ्या बुजवणं, घराच्या पायाभोवती मुरूम पसरवणं, खळं सपाट करणं. फळझाडं किंवा कुंपणाचे खांब लावायचे असतील तर खड्डे पाडायचं ऑगर. समजा १२५ तास.

मार्च ते मे: शेणखत आणि तलावातला गाळ शेतात नेऊन पसरवणं, पाण्याचं टँकर. मेळघाटातला उन्हाळा तुम्हाला मी सांगायला नको. समजा १२५ तास. एक सूचना: शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर-ट्रॉली भाड्याच्या व्यापारी वाहतुकीला वापरायचा असेल तर परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत आधी विचारा. अपघात झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही. आणि होळीचा आठवडा कामात धरू नका. कोरकू गावांत होळी हा वर्षाचा सण, तुमचा ड्रायव्हरही घरी असेल आणि गिऱ्हाईकही.

झाली बेरीज? १०० अधिक १०० अधिक १२५ अधिक १२५ म्हणजे ४५० तास. जुने ४२० धरून ८७० तास. ८७० गुणिले ३०० म्हणजे २ लाख ६१ हजार. त्यातून १ लाख ५० हजार वजा, उरले १ लाख ११ हजार. या जोड-अवजारांसाठी समजा आणखी १ लाख २० हजारांचं कर्ज काढलं, त्याचा वर्षाचा हप्ता ३२ हजार. उरले ७९ हजार. ड्रायव्हर तुम्हीच असाल तर तासाचे १०० प्रमाणे ८७ हजार तुमचे. एकूण १ लाख ६६ हजार. महिन्याला साधारण १३,८००.

यात बंगला होत नाही, मला मान्य आहे. पण १,५०० आणि १३,८०० यातला फरक बघा. गाडी तीच, माणूस तोच, गाव तेच. फरक फक्त मागच्या अवजारांचा आणि आधी ठरवलेल्या कामाचा. ज्या तालुक्यातून माणसं कामासाठी दरवर्षी घर सोडून जातात, तिथे स्वतःच्या घरात झोपून महिन्याला १३-१४ हजार मिळवणं ही छोटी गोष्ट नाही.

गवत: आपला बर्फ

पावसाळा संपत आला की धारणी-चिखलदऱ्याच्या बाजूला काय वाढतं ते बघा. तरोटा, गाजर गवत, कुसळी, कंबरेएवढं. शाळेचं मैदान, आश्रमशाळेचं आवार, ग्रामपंचायतीची मोकळी जागा, वीज उपकेंद्राचं आवार, लहान तलावाची भिंत, चिखलदऱ्याचे रिसॉर्ट. सगळीकडे एकच प्रश्न: हे कापायचं कोणी? सापाच्या भीतीनं मजूर मिळत नाही, आणि मिळाला तर काम चार दिवस चालतं.

इथे ट्रॅक्टरमागचं स्लॅशर कामाला येतं. आडव्या फिरणाऱ्या पात्यांचं यंत्र, पीटीओवर चालतं. घेताना एक ढोबळ नियम लक्षात ठेवा: कापणीच्या रुंदीच्या दर फुटाला पीटीओवर साधारण ५ एचपी लागते. तुमच्या १८ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर त्याहून कमी ताकद मिळते. म्हणजे ३ फुटी स्लॅशर घ्या. दुकानदार ५ फुटी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. जाड तरोट्यात इंजिन दम तोडेल.

काम किती होतं? ३ फूट म्हणजे साधारण ०.९ मीटर. ताशी ३ किलोमीटर वेगानं गेलात तर कागदावर २,७०० चौरस मीटर. वळणं, एकावर एक येणारे पट्टे, दगड चुकवणं यात पाव-तीस टक्के जातं. म्हणजे तासाला दोन हजार चौरस मीटरच्या आसपास. एका एकराला दोन तास. ७०० च्या भावानं १,४०० रुपये. आता तुमच्या गावात एक एकर गवत विळ्यानं कापायला किती मजुरी लागते ते विचारून या. दर सांगायची हिंमत आपोआप येईल.

पण सुट्टं काम घेऊ नका. बर्फवाल्यासारखा उक्ता सांगा. “सर, ऑगस्ट अखेरीस एक, सप्टेंबरात एक, ऑक्टोबर अखेरीस एक, अशा तीन कापण्या. तिन्हीचे मिळून इतके. वेळेवर मी येणार, तुम्हाला फोन करायची गरज नाही.” मुख्याध्यापकाला, रिसॉर्टच्या मॅनेजरला गवत कापून हवं असतं त्याहून जास्त, तो विषय डोक्यातून जायला हवा असतो. तुम्ही विकताय ती बेफिकिरी. त्याचे पैसे लोक देतात.

दोन इशारे इथेच देतो.

पहिला, जंगल. मेळघाटात उन्हाळ्याआधी वनविभाग जाळरेषा तयार करतो, गवत कापून आग अडवायचे पट्टे. अनेकांना वाटतं, हे तर मोठं काम. असेल. पण लेखी आदेश हातात नसताना ट्रॅक्टर घेऊन राखीव जंगलात पाय ठेवू नका. हा व्याघ्र प्रकल्प आहे, ट्रॅक्टर जप्त झाला तर हप्ता तुमच्याच नावावर चालू राहतो. जंगलाच्या बाहेरच काम पुरेसं आहे.

दुसरा, सरकारी बिलं. ग्रामपंचायत असो की शाळा, पैसे येतील, पण उशिरा येतील. तीन-चार महिन्यांचं डिझेल स्वतःच्या खिशातून घालायची तयारी नसेल तर एकूण गवताच्या कामात सरकारी काम एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका.

दगड, उतार आणि दुपट्टा

हा भाग वगळून पुढे जाऊ नका.

आपली जमीन दगडाची. स्लॅशरच्या पात्याखाली आलेला दगड गोळीसारखा सुटतो. मागची साखळ्यांची झालर काढून ठेवायची नाही, कापणी चालू असताना ५० मीटरमध्ये माणूस, पोरगं, जनावर नको. शाळेचं मैदान शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशीच. आधी पायी फिरून दगड, तार, बाटल्या वेचायच्या. त्याला अर्धा तास लागतो, तो भाड्यात धरा.

पीटीओच्या दांड्यावर प्लास्टिकचं आवरण असतं. पहिल्या महिन्यात ते तुटतं आणि पुन्हा कुणी लावत नाही. मिनिटाला ५४० फेऱ्या फिरणाऱ्या उघड्या दांड्यात दुपट्टा, शेला किंवा सैल बाही गेली, तर माणूस ओढायला एक सेकंदही लागत नाही. आवरण नाही तर काम नाही, हा नियम स्वतःला घाला.

आणि उतार. हलका ट्रॅक्टर चढावर पुढून उचलतो, आडव्या उतारावर कलंडतो. धारणीची तापी-सिपन्याच्या खोऱ्यातली सपाट काळी जमीन वेगळी आणि डोंगरावरची टेकाडं वेगळी. टेकाडावरचं काम बैलजोडीलाच राहू द्या. “नाही” म्हणता येणं हेही कौशल्य आहे.

सबसिडी: क्रम चुकवू नका

“सर, सबसिडी आहे ना” हे वाक्य मी प्रत्येक कार्यशाळेत ऐकतो. आहे. कृषी यांत्रिकीकरणासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प आणि अत्यल्प भूधारक यांना टक्का जास्त असतो. पण क्रम लक्षात ठेवा: अर्ज, निवड, पूर्वसंमती, मग खरेदी. पूर्वसंमतीच्या आधी बिल फाडलं की अनुदान गेलं. आणि अनुदान नंतर खात्यात येतं, आधी पूर्ण पैसे तुम्हालाच उभे करावे लागतात. हप्त्याचा हिशेब अनुदान नाही असं समजून करा. आलं तर कर्जात भरा.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांसाठी समाजकल्याण विभागाची योजना आहे: ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधनं, कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान, म्हणजे जास्तीत जास्त ३ लाख १५ हजार. गटात बसत असाल तर नक्की बघा. आदिवासी तरुणांनी धारणीतल्याच एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन सध्या काय चालू आहे ते विचारावं. अटी आणि रकमा बदलत असतात, म्हणून एजंटाच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका. कागद बघा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. शेती अवजारांवरही तसाच कमी झाला. चांगलं झालं. पण स्वस्त झाला म्हणून घेतलेला आणि उभा राहिलेला ट्रॅक्टर महागच पडतो.

मग सुरुवात कशी करायची?

मी त्या पोराला तीन कामं दिली. तुम्हालाही तीच देतो.

एक. पहिल्या पावसाळ्यात ट्रॅक्टर घेऊच नका. खांद्याला अडकवायचं ब्रश कटर घ्या. ट्रॅक्टरच्या दोन-तीन हप्त्यांत ते येतं. शाळा, रिसॉर्ट, उपकेंद्र, दहा ठिकाणी जाऊन काम मागा. दहापैकी चार जणांनी पैसे दिले तर बाजार आहे. कुणीच दिले नाहीत तर तुमचे चार लाख वाचले. दोन्हीत तुम्ही जिंकलात.

दोन. गावात आधीच उभे असलेले ट्रॅक्टर मोजा. कुणाचा तरी मिनी ट्रॅक्टर शेडमध्ये धूळ खात असेल. त्या मालकाशी बोला: “ट्रॅक्टर तुमचा, स्लॅशर आणि ब्लेड माझं, काम मी आणतो.” वाटा ठरवा, वहीत लिहा, दोघांनी सही करा. फक्त अवजारं घेऊन एक वर्ष काढलंत तर कोणत्या महिन्यात किती तास काम मिळतं हे अनुभवानं कळेल. मग कोटेशन मागा.

तीन. एक साधी वही करा. बारा पानं, बारा महिने. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव, गाव, काम, अंदाजे तास. ॲप नको. हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजलं, पण मेळघाटात अजूनही कितीतरी गावांत फोन लावायला टेकडीवर जावं लागतं. तुमचं बुकिंग आठवडी बाजारात होणार आहे, कृषी केंद्राच्या ओट्यावर होणार आहे. आणि कोरकूत चार वाक्यं बोलता येत नसतील तर शिका. गिऱ्हाइकाच्या भाषेत दर सांगणाऱ्याला घासाघीस कमी करावी लागते.

वहीत ५०० तास भरले नाहीत, तर खरेदी नाही. ८०० भरले, तर बेधडक जा.

आणि गेलात की पहिल्या दिवसापासून एक पेटी सोबत ठेवा: शिअर बोल्ट, पाती, पीटीओची पिन, फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, ग्रीस गन. परतवाडा घाटातून शंभरेक किलोमीटर आहे. पन्नास रुपयांच्या बोल्टसाठी ऐन हंगामातला एक दिवस गेला तर सहा तासांचे ४,२०० रुपयांचं काम गेलं, आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलं ते वेगळंच.

शेवटी

काही जण म्हणतील, सर तुम्ही पोरांना घाबरवता. धंद्यात उडी मारावीच लागते. खरं आहे, मारावी लागते. पण विहिरीत उडी मारणारा पोहणारा आधी पाणी किती आहे ते बघतो. आमच्या वऱ्हाडात तर उन्हाळ्यात विहिरी कोरड्या असतात.

त्या पोरानं कोटेशन पुन्हा घडी करून खिशात ठेवलं. मी फाडायला सांगितलं नाही. ते कोटेशन चांगलं आहे, फक्त त्याची वेळ आली नाही. जाताना तो म्हणाला, “सर, वही आजच घेतो.” धारणीच्या बाजारात शंभर पानी वही किती रुपयांना मिळते? चार लाखांच्या कर्जाआधी करायची तीच सगळ्यात स्वस्त गुंतवणूक.

तुम्हीही आज वही घ्या. पहिलं पान जूनचं नको, जुलैचं काढा. जून सगळ्यांनाच भरता येतो.

पुढच्या व्हिडिओत स्लॅशर, ब्लेड आणि डवरा प्रत्यक्ष लावून दाखवतो आणि तासाचा दर कसा ठरवायचा ते बोलू. तोपर्यंत हिशेब करा, मग हप्ता बांधा.